चिलटांचीं चित्रें आणि त्यांची पारख

पावसाळा सुरू झाला कीं घरोघरीं दिव्याभोंवतीं सूक्ष्म जीवांचा जो मेळा जमतो, त्याला आपण सरसकट ‘चिलटें’ हें एकच नांव देऊन मोकळे होतों. कोणी घुंगुरटें म्हणतो, कोणी केंबरें म्हणतो, आणि चावा बसला तर सर्वच त्यांस डास म्हणतात. आपल्या भाषेंत नांवांची वाण नाहीं. त्या नांवांच्या सीमा मात्र कोणी आंखलेल्या नाहींत. आजवर त्यावांचून फारसें अडलेंही नाहीं. आतां प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आहे, त्यांतील कॅमेरा दोन मिलिमीटरांचा जीव तळहाताएवढा करून दाखवितो, आणि चित्र डोळ्यांपुढें आलें कीं मनुष्य साहजिकच विचारतो, “हें आहे तरी काय?” या प्रश्नाचें उत्तर नुसत्या चित्रावरून कितपत देतां येतें, आणि देणारानें कोठें थांबावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

आमचें पुरुषोत्तमनगर शहादे तालुक्यांत आहे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळें हें नांव बाहेरच्यांस ठाऊक असतें. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, आणि मधल्या काळ्या जमिनींत ऊस, केळी, पपई व कापूस. जवळच प्रकाशें येथें गोमाई तापीस मिळते. प्रकाशें व सारंगखेडें या दोन्ही ठिकाणीं तापीवर बॅरेज बांधून पाणी अडविलें आहे. संथ पाणी, ओली माती, कुजका पाला, गोठ्यांतील शेण व घरांतील मोऱ्या, असें सर्व साहित्य येथें सिद्ध असल्यावर या जीवांस आणखी काय हवें? शाळेंतून निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारचीं मंडळी अशीं चित्रें आम्हांस दाखवावयास आणतात, आणि आम्ही त्यांची एक वही ठेवितों. पुढील विवेचन बरेंचसें त्या वहीच्या आधारें केलें आहे.

प्रथमच कोणी म्हणेल, इतक्या क्षुद्र जीवाचें नांव कळून लाभ कोणता? लाभ आहे, आणि तो मुलांच्या जिवाशीं निगडित आहे. नागपूर भागांतील चांदीपुरा या गांवाचें नांव एका विषाणूस मिळालें आहे. १९६५ सालीं नागपुराकडे तापाची साथ आली असतां रुग्णांच्या रक्तांतून पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रानें तो वेगळा केला. हें केंद्र १९५२ सालीं स्थापन झालें होतें. आज तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. पुढें तेव्हांच्या औरंगाबादेस पकडलेल्या वाळूमाश्यांतही तोच विषाणु सांपडल्याचें १९७० सालीं प्रसिद्ध झालें. वाळूमाशी, इंग्रजींत जिला सँडफ्लाय म्हणतात ती, हाच या रोगाचा मुख्य वाहक मानला जातो.

बरींच वर्षें या विषाणूकडे कोणाचें विशेष लक्ष नव्हतें. २००३ सालीं आंध्र प्रदेशांत मेंदूज्वराची साथ आली, तींत ३२९ मुलें आजारी पडलीं आणि १८३ दगावलीं; त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही त्याचा उपद्रव झाला. अगदीं अलीकडे, २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत, मुख्यतः गुजरातेंत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकीं ८२ मृत्यु पावले, आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणु निश्चित झाला. आमच्या नंदुरबार जिल्ह्याची पश्चिम सीमा गुजरातेस लागूनच आहे. तेव्हां त्या वर्षीं आषाढांत आमच्याकडे येणाऱ्या चित्रांची संख्या एकाएकीं वाढली, यांत नवल नाहीं. प्रत्येक आईस एकच विचारावयाचें होतें, “ही तीच माशी का?”

परंतु येणाऱ्या चित्रांपैकीं बहुतेक चित्रें न्हाणीघरांतील माशीचीं असत. आमच्या परिचयाच्या एका घरीं तर या चित्रामुळें भलतेंच झालें. मोरीच्या भिंतीवर बसलेल्या एका केंसाळ माशीचें चित्र काढून कोणीं तरी तिला वाळूमाशी ठरविली. लगेच न्हाणीघरांत औषधाच्या फवाऱ्यांचा मारा सुरू झाला. मुलांस तेथें जाण्याची बंदी झाली. घरामागें मातीच्या भिंतींचा जुना गोठा होता, त्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि तेथेंच खाटेवर दुपारीं मुलें निजत. तिकडे कोणाचें लक्षही गेलें नाहीं. खरी वाळूमाशी राहते ती अशाच भेगांत. चुकीच्या नांवामुळें भीति एका जागीं गेली आणि धोका दुसऱ्या जागीं तसाच राहिला.

नांवें ठेवण्याचा खरा हेतु आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मशकांचे पांच प्रकार सांगितले आहेत: सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय. मक्षिकांचे सहा सांगितले आहेत: कांतारिका, कृष्णा, पिंगला, मधूलिका, काषायी व स्थालिका. हीं नांवें स्थळावरून, रंगावरून, आकारावरून पडलेलीं आहेत हें सहज दिसतें. पण आचार्य केवळ नांवें देऊन थांबले नाहींत. सामान्य मशकाच्या दंशानें कंडु व सूज येते, आणि पार्वतीयाचा दंश मात्र प्राणहर कीटकांच्या दंशासारखा समजावा, असा भेद त्यांनीं केला आहे. कोणता जीव केवळ त्रासदायक व कोणता घातक, हें निवडण्यासाठीं वर्गीकरण, हाच त्यांतील मथितार्थ होय.

आतां पारख कशी करावी तें पाहूं. पहिला प्रश्न पंखांच्या संख्येचा. खऱ्या माशीस, डासास व चिलटास दोनच पंख असतात. मागील पंखांच्या जागीं टांचणीच्या डोक्यासारख्या गुंडीच्या दोन लहान काड्या असतात. त्यांस संतोलक म्हणतात, व उडतांना तोल सांवरणें हें त्यांचें काम. या गणास द्विपंखी म्हणतात. आमच्याकडे कापसावर, मिरचीवर व पपईवर जी ‘पांढरी माशी’ पडते, तिला चार पंख असतात. म्हणजे ती नांवाची माशी, जातीनें माव्याची नातलग. पंख असलेला मावाही पुष्कळदां चिलट म्हणून आमच्यापुढें येतो. चित्रांत चार पंख स्पष्ट दिसले, तर पुढचे सर्व प्रश्न तेथेंच संपतात.

दुसरा प्रश्न सोंडेचा. डासास डोक्यापुढें सरळ लांब सोंड असते, व त्याच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात. आतां नळीच्या दिव्याजवळ सकाळीं भिंतीवर चिकटून बसलेले जे हिरवट वा करडे ‘डास’ दिसतात, त्यांचें चित्र मोठें करून पाहावें. सोंड नाहीं, पंख पोटाच्या टोंकापर्यंत पोंचत नाहींत, नराच्या मिशा पिसांच्या कुंच्यासारख्या, आणि पुढचे दोन पाय वर उचलून हवेंत धरलेले. हें कायरोनोमसचें कुल. मायगेन या जर्मन पंडितानें १८०३ सालीं हें नांव ठेविलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हातवारे करून अभिनय करणारा असा आहे. उचललेले पाय पाहिले म्हणजे नांव किती समर्पक आहे हें पटतें. हा जीव चावत नाहीं. त्याच्या अळ्या तळ्याच्या वा नदीच्या गाळांत राहतात, आणि पुष्कळ जातींच्या अळ्या आपल्या रक्तांत असतें तसलेंच हिमोग्लोबिन अंगीं असल्यामुळें लालभडक दिसतात. माशांचें तें आवडतें खाद्य आहे. संथ पाण्याच्या कांठीं यांचे थवेच्या थवे उठतात. त्यांनीं दिवे काळवंडतात हें खरें, परंतु त्यांच्यामुळें हिंवतापाची धास्ती घेण्याचें कारण नाहीं.

तिसरा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा, प्रश्न बसण्याच्या पद्धतीचा. वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांची, फिकट, अंगभर केंस असलेली. ती बसली म्हणजे दोन्ही पंख पाठीवर उभे, एकमेकांपासून फांकलेले धरते. पुढून पाहिल्यास इंग्रजी ‘व्ही’ अक्षर दिसतें. तिचें उड्डाण दुबळें. ती उड्या मारल्यासारखी थोडें थोडें उडते, आणि डासासारखी गुणगुणत नाहीं. मोरींतील माशी तिच्याच कुलांतली, म्हणून केंसाळपणा सारखा; पण ती थोराड, करडी, आणि तिचे रुंद पंख अंगावर छपरासारखे किंवा पिंपळपानासारखे पसरलेले असतात. त्यांतील नित्य दिसणाऱ्या एका जातीच्या पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असतात. ही चावत नाहीं. मोरीच्या नळांत सांचलेल्या बुळबुळीत थरांत तिच्या अळ्या वाढतात. तो थर ब्रशानें खरवडून काढला कीं तिचा वंश आटोपला. हवेंत औषध फवारून कांहीं साधत नाहीं. दोघी बहिणी खऱ्या, पण एक निरुपद्रवी आणि दुसरी रोगवाहक; आणि हा भेद साध्या मोबाइलच्या चित्रांत, केवळ पंख कसे धरले आहेत एवढ्यावरून, बहुधा ओळखतां येतो.

तिसरें कुल क्युलिकॉइडीसचें. हा जीव एक ते तीन मिलिमीटरांचा; बसतांना पंख पाठीवर कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकावर एक मिटतो, आणि पंखांवर बहुधा काळेपांढरे डाग असतात. आकाराच्या मानानें याचा चावा फार झोंबतो. मेंढ्यांच्या ‘ब्लू टंग’ रोगाचा प्रसार हाच करतो. कांहीं घोड्यांस याच्या चाव्यानें अनावर खाज सुटते व तीं जनावरें आयाळ व शेंपूट घासून घासून उघडीं पाडतात. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोडा घेणाऱ्यानें हें ध्यानीं ठेवण्यासारखें आहे.

घरांतील उरलेली मंडळी थोडक्यांत सांगतों. पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी, लाल डोळ्यांची, आंखूड मिशांची ती फळमाशी. तुळशीच्या वा गुलाबाच्या कुंडींतून उठणारी काळी, लांब पायांची, वांकलेल्या पाठीची ती बुरशीवर जगणारी माशी, आणि तिला उपाय म्हणजे कुंडीची माती मधून मधून सुकूं देणें. डोळ्यांशीं व जखमेशीं लगट करणारें लहान काळें चिलट, ज्याच्या मिशा मुळीं दिसतच नाहींत, तें निराळ्याच कुलांतलें. तें चावत नसलें तरी घाण एका डोळ्यांतून दुसऱ्या डोळ्यांत नेऊं शकतें, म्हणून तान्ह्या मुलाच्या डोळ्यांजवळ त्याला बसूं देऊं नये.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें आणखी एक कुल महत्त्वाचें आहे. त्याच्या मिशा मण्यांची माळ ओंवल्यासारख्या दिसतात, आणि पंखांत शिरा अगदीं मोजक्या असतात. नवापुराकडील भातशेतींत ठाऊक असलेली गादमाशी याच कुलांतली. तिच्या अळीमुळें भाताच्या फुटव्याची पोकळ नळी बनते व त्याला लोंबी येत नाहीं. ज्वारीवरील मिजमाशीही यांतलीच. ती फुलोऱ्यांत अंडें घालते, अळी कोंवळ्या दाण्याचा रस शोषते, आणि कणसांत दाण्याऐवजीं पोंचट भुसकट हातीं लागतें. मादी उणीपुरी एक दिवस जगते. तेव्हां शेतकरी कणीस रिकामें पाहून चित्र काढावयास धांवतो, तोंवर माशी केव्हांच नाहींशी झालेली असते. अशा वेळीं माशीमागें न लागतां कणसाचें चित्र काढावें. दाण्याच्या तुसाच्या टोंकाशीं पांढरें पातळ रिकामें कोश-कवच अडकलेलें दिसलें, तर तीच तिची सही समजावी. कधीं कधीं जीवापेक्षां त्याची खूणच अधिक बोलकी असते.

येथवर चित्राचें सामर्थ्य झालें. आतां त्याची मर्यादा. वर सांगितलेलीं लक्षणें कुलाचीं आहेत, जातीचीं नव्हेत. वाळूमाश्यांचेंच घ्या. त्यांच्या अनेक जाति आहेत. कांहीं मनुष्याचें रक्त घेतात, कांहीं पालीसरड्यांचें अधिक घेतात. बिहार-बंगालकडील काळाआजार ज्या जातीमुळें पसरतो ती वेगळी. त्या जातीच्या दंशानें तो रोग मनुष्यास होतो हें स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं १९४२ सालीं सिद्ध केलें. या जातींतील भेद पाहावयाचा तर माशी कांचेवर चढवून, सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्या घशांतील व पोटांतील सूक्ष्म अवयव तपासावे लागतात. बाहेरून घेतलेल्या चित्रांत ते येतच नाहींत. मग चित्र कितीही स्वच्छ असो, त्यावरून जातीचें नांव सांगणारा मनुष्य ज्ञान सांगत नसून अंदाज सांगत असतो. मोबाइलांतील ओळख पटविणाऱ्या यंत्रांचेंही तसेंच आहे. त्यांस जीं चित्रें पूर्वीं दाखविलेलीं असतात, त्यांशीं ताडून तीं नांव पुढें करतात. नांव लॅटिन असलें म्हणून तें निश्चित झालें असें मानूं नये. त्या यंत्रानें सुचविलेलें नांव घेऊन आपण पुन्हां पंख, सोंड व मिशा तपासाव्या, आणि जुळलें तेवढेंच घ्यावें.

कुलापर्यंत थांबणें म्हणजे अज्ञान, असें मात्र कोणी समजूं नये. रोनाल्ड रॉसची गोष्ट प्रसिद्ध आहे. हिंवतापाचा जंतु डासांत शोधतां शोधतां त्याचीं दोन वर्षें भलत्याच डासांवर खर्ची पडलीं. १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस ठिपकेदार पंखांचे निराळे डास त्याच्या हातीं आले. त्यांचें शास्त्रीय नांव त्याला ठाऊक नव्हतें. परंतु हे पूर्वींच्या डासांहून वेगळे आहेत एवढें त्यानें पंखांवरून नीट ओळखलें. २० ऑगस्ट रोजीं त्याच डासाच्या जठरांत त्याला हिंवतापाचा जंतु दिसला. जातीचें नांव मागाहून कोणीही लावलें असतें. वेगळेपणा ओळखला नसता तर मात्र शोध लागलाच नसता.

चित्र काढणारानें कांहीं साधे नियम पाळले तर पाहणाराचें काम निम्मे होतें. जीव बसलेला असतांनाच, त्याला न हलवितां, पहिलें चित्र घ्यावें. कारण बसण्याची ढब मेल्यावर सांपडत नाहीं. मग एक वरून, एक बाजूनें व जमल्यास एक समोरून घ्यावें. उजेड खिडकीचा असावा. आकार कळण्यासाठीं जवळ मुलांच्या गणिताचा आलेख-कागद किंवा मिलिमीटरांची पट्टी धरावी. नुसतें ‘अगदीं लहान’ म्हणून भागत नाहीं. रंगावर फार विसंबूं नये, तो दिव्यागणिक बदलतो. चित्र छाटून, घासूनपुसून सुंदर करून पाठवूं नये. मूळ जसेंच्या तसें ठेवावें. तारीख, वेळ, गांव, आणि मोरी, गोठा, कुंडी कीं कणीस, हें लिहून ठेवावें. पुष्कळदां अर्धें उत्तर या नोंदींतच असतें. आणि शक्य तर तो जीव लहानशा कुपींत अल्कोहोलमध्यें जपावा, म्हणजे जरूर पडल्यास पुण्यास असलेल्या भारतीय प्राणि-सर्वेक्षणाच्या कार्यालयासारख्या ठिकाणीं जाणत्यांस तो दाखवितां येईल. ही संस्था १९१६ पासून देशांतील प्राण्यांची नोंद ठेवीत आली आहे.

शेवटीं एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. मुलाला एकाएकीं कडक ताप भरला, उलट्या झाल्या, आंचके आले, किंवा तें गुंगूं लागलें, तर कोणती माशी चावली हें पाहत बसूं नये. त्याच घटकेस इस्पितळ गांठावें. चांदीपुरा विषाणूवर विशिष्ट औषध किंवा लस नाहीं, आणि रोग एकदोन दिवसांतच हाताबाहेर जाऊं शकतो. वेळेवर मिळालेल्या शुश्रूषेनेंच मुलें वांचतात. माशीची पारख ही त्यापूर्वींची, निरोगी दिवसांतील खबरदारी आहे. पुढच्या मृगापूर्वीं घरच्या मंडळींनीं एक सायंकाळ काढावी. गोठ्याच्या व घराच्या भिंतींच्या भेगा मातीनें किंवा चुन्यानें लिंपून घ्याव्या, शेण व केर घरापासून दूर टाकावा, मोरीचा नळ खरवडावा, आणि निजण्यासाठीं बारीक जाळीची मच्छरदाणी आणावी. कारण नेहमींच्या मच्छरदाणीच्या भोंकांतून वाळूमाशी सहज आंत शिरते. नंतर मुलांच्या हातीं एक वही द्यावी, आणि दिव्याभोंवतीं जें येईल त्याचे पंख कितीसे, सोंड आहे कीं नाहीं, आणि तें कसें बसतें, एवढें त्यांच्याकडून लिहवून घ्यावें. नांवाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.